उघड्या दाराचा पिंजरा : खोल पाण्यातील कोळंबी आमिषाने कशी पकडतात

वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या भाचीकडे गेलो असताना एका मे महिन्याच्या सकाळी तिच्या यजमानांबरोबर लहान मोटारहोडीतून कोळंबी पकडायला जाण्याचा योग आला. बडोद्याला परतल्यावर दांडिया बाजारातील आमच्या सकाळच्या मंडळींना मी मोबाइलवरील छायाचित्रे दाखवली, तेव्हा सर्वांनी मिळून एकच शंका काढली. या जाळीच्या डब्याला दार नाही, झडप नाही, आत गळही नाही. मग आत शिरलेली कोळंबी आल्या वाटेने परत का जात नाही? शंका रास्त होती आणि तिचे प्रामाणिक उत्तर असे आहे की ती परत जाते. सगळी जात नाही, सगळी एकदम जात नाही, आणि त्या दरम्यानच्या वेळात दोर ओढणाऱ्याला जे मिळते ते त्याचे. एवढ्या उत्तराने मंडळींचे समाधान होणे शक्य नव्हते, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आपल्याकडे कोळंबी कशी पकडतात ते डोळ्यांसमोर ठेवले तर पिंजऱ्याचे तत्त्व लवकर उमगते. खंभातच्या आखातात आणि खाली वसईच्या पट्ट्यापर्यंत डोल नावाचे जाळे वापरतात. ते लांबलचक पिशवीसारखे असते. त्याचे तोंड समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांच्या आधाराने प्रवाहासमोर उघडे ठेवतात आणि भरती-ओहोटीचे पाणी जवळा, करंदी, बोंबील असे जे काही वाहून आणील ते पिशवीच्या शेपटाशी साठत जाते. डोलीच्या बाबतीत प्रवाह कोळंबीला जाळ्याकडे आणतो. पिंजऱ्याच्या बाबतीत तोच प्रवाह आमिषाचा वास कोळंबीकडे घेऊन जातो आणि कोळंबी स्वतःच्या पायांनी चालत येते. पिंजरा किती खोल सोडायचा, दोर किती घ्यायचा, किती वेळ थांबायचे, हे सारे या एका फरकातून निघते.

ज्या कोळंबीसाठी हा खटाटोप करतात तिला तिकडे स्पॉट प्रॉन म्हणतात. शास्त्रीय नाव पँडॅलस प्लॅटिसेरॉस. अलास्कापासून दक्षिण कॅलिफोर्नियापर्यंतच्या थंड पाण्यात ती आढळते. रंग तांबूस-तपकिरी असतो आणि शेपटीकडील भागाच्या पहिल्या व पाचव्या खंडावर ठळक पांढरे ठिपके असतात, त्यावरून तिचे नाव पडले. पूर्ण वाढलेली मादी २० सेंटिमीटरहून लांब भरते. आपल्या बाजारात येणारी पांढरी कोळंबी किंवा टायगर कोळंबी ही हिची दूरची नातेवाईक खरी, पण कूळ वेगळे. आपल्या समुद्री कोळंब्या अंडी सरळ पाण्यात सोडून मोकळ्या होतात, तर स्पॉट प्रॉन आपली अंडी पिले बाहेर पडेपर्यंत पोटाखालच्या पायांना चिकटवून सांभाळते, जशी नर्मदेतील गोड्या पाण्याची मोठी कोळंबी सांभाळते. हा भेद निव्वळ पुस्तकी वाटेल, पण पुढे कायद्याचा विषय येईल तेव्हा त्याचे महत्त्व कळेल.

स्पॉट प्रॉनला खडकाळ, उताराचा तळ आवडतो. रात्री ती उथळ पाण्याकडे सरकते आणि दिवसा पुन्हा खाली जाते. हौशी मंडळींना दिवसाच पकडण्याची मुभा असल्यामुळे पिंजरे साधारणपणे २०० ते ४०० फुटांवर सोडावे लागतात. आपले कोळी बांधव खोली वावांत मोजतात; दोन्ही हात पसरल्यावर होणारे सुमारे सहा फुटांचे अंतर म्हणजे एक वाव. (बडोद्यात वाव म्हटले की माणसाला नवलखी वाव आठवते, म्हणून हा खुलासा.) ३०० फूट म्हणजे ५० वाव, आणि तेवढ्या पाण्यात कुतुबमिनार उभा केला तर त्याचा कळसही दिसणार नाही. इतक्या खाली, जवळजवळ अंधारात, कोळंबीला पिंजऱ्याचा पत्ता लागतो तो वासावरून.

कोळंबीला मिशांच्या दोन जोड्या असतात. लांब जोडी स्पर्शासाठी, आणि आखूड, दुभंगलेली जोडी पाण्यात विरघळलेले पदार्थ ओळखण्यासाठी. ही आखूड मिशी ती सारखी झटकत असते. आपण एखादा वास नीट घेण्यासाठी नाक हुंगतो, त्यातलाच हा प्रकार. माशाच्या मांसातून झिरपणारी अमिनो आम्ले तिला विशेष खुणावतात. पिंजऱ्यातील आमिषापासून निघालेला वास सगळीकडे सारखा पसरत नाही. उदबत्तीचा धूर जसा वाऱ्याच्या दिशेने लांब, तुटक पट्ट्यांनी जातो तसा तो प्रवाहाबरोबर एका बाजूस वाहत जातो. त्या पट्ट्यात असलेली कोळंबी प्रवाहाविरुद्ध चालत उगमाकडे येते, आणि पट्ट्याबाहेरची, मग ती पिंजऱ्यापासून दहा हातांवर का असेना, जागची हलत नाही. म्हणून दोन पिंजरे अगदी शेजारी-शेजारी सोडण्यात फारसा अर्थ नसतो. दोघांचे वास एकाच वाटेने जातात आणि त्याच कोळंब्या दोघांत वाटल्या जातात.

आमिष म्हणून तिकडे सर्वांत लोकप्रिय वस्तू म्हणजे मांजरांसाठी डब्यात मिळणारे माशांचे खाणे. हे ऐकून आमच्या मंडळींत बराच हशा पिकला, पण निवड विचारपूर्वक केलेली आहे. ते तेलकट असते, त्याचा वास उग्र असतो आणि बारीक दळलेले असल्यामुळे पाण्यात लवकर झिरपते. काही लोक सामन माशाची डोकी वापरतात, काही माशांच्या खाद्याच्या गोळ्या तेलात भिजवून घेतात. प्रत्येकाचा मसाला गुप्त असतो आणि प्रत्येकाला तो अद्वितीय वाटतो, यात आपल्याकडच्या गोड्या मसाल्याहून वेगळे काही नाही. मिश्रणापेक्षा महत्त्वाचे आहे ते ठेवण्याचे भांडे. भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत आमिष भरून ती पिंजऱ्याच्या मध्यभागी टांगतात, म्हणजे वास बाहेर जातो, पण पहिल्या चार कोळंब्यांना सगळे आमिष फस्त करता येत नाही.

आता पिंजऱ्याकडे वळू. लोखंडी सळ्यांचा गोल किंवा चौकोनी सांगाडा, त्यावर जाळी, आणि बाजूंना आत वळलेली दोन ते चार नरसाळी, एवढीच त्याची रचना. नरसाळ्याचे रुंद तोंड बाहेर आणि अरुंद तोंड आत, तेही तळापासून जरा वर अधांतरी. बाहेरून येणाऱ्या कोळंबीला उतरती जाळी आपोआप आत घेऊन जाते. आत पडल्यावर मात्र ती भिंतीच्या कडेकडेने, कोपरे धुंडाळत फिरते, आणि बाहेर जाण्याची वाट असते मध्येच, हवेत लटकावी तशी पाण्यात. पिंजऱ्याचे सारे कौशल्य या भौमितिक गैरसोयीत आहे. वाट बंद केलेली नसते, सापडायला अवघड केलेली असते. कोकणात पावसाळ्यात ओढ्याच्या वाटेवर कामट्यांचा सापळा लावतात, तोही याच युक्तीवर चालतो.

अवघड म्हणजे किती अवघड, याचा अंदाज दुसऱ्या एका प्राण्यावरून येतो. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील संशोधकांनी लॉबस्टरच्या पिंजऱ्यावर पाण्याखाली कॅमेरा बसवून केलेली निरीक्षणे २००१ मध्ये प्रसिद्ध केली. आत शिरलेल्या लॉबस्टरपैकी केवळ ६ टक्के शेवटी पकडले गेले. उरलेले ९४ टक्के जेवून निघून गेले. कोळंबीचा आकडा हाच असेल असे मुळीच नाही, कारण प्राणीही वेगळा आणि पिंजराही वेगळा, परंतु आमिषाचा पिंजरा हा तुरुंग नसून खानावळ आहे ही कल्पना त्यावरून पक्की होते.

मी आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे मला येथे पाचवी-सहावीतील हौदाचे उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो, तर किती वेळाने काय स्थिती असेल? आमिष ताजे असते तेव्हा येणाऱ्यांचा नळ मोठा असतो. जसजसे आमिषातील विरघळणारे पदार्थ निघून जातात तसतशी आवक मंदावते, पण बाहेर जाण्याचा नळ चालूच राहतो. म्हणून पिंजरा पाच मिनिटांत वर ओढणे जितके वाया जाणारे, तितकेच तो तासन्‌तास विसरून बसणे नुकसानीचे. बरेच जण तासाभराच्या आसपास पिंजरे वर घेतात, आमिष बदलतात आणि पुन्हा सोडतात. आमच्या पहिल्या खेपेत दोन पिंजऱ्यांत मिळून ११ कोळंब्या आल्या, तर जागा थोडी बदलून दुसऱ्या खेपेत ४३. तेव्हा वेळ आणि आमिष बरोबर असले तरी जागा चुकली तर गणित जमत नाही, हेही सांगून टाकतो.

दोराचा हिशेब हा या छंदातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे असे माझे मत झाले. ३०० फूट खोल पाण्यात ३०० फूट दोर पुरेल असे वाटते, पण प्रवाह दोराला आणि वरच्या बोयाला (दोराच्या टोकाच्या तरंगत्या खुणेला) ओढत असतो, त्यामुळे दोर तिरपा होतो. नेमका तेवढाच दोर असेल तर बोया पाण्याखाली जातो किंवा पिंजरा तळावरून उचलला जाऊन भलतीकडे सरकतो. म्हणून खोलीपेक्षा निदान पाव हिस्सा अधिक दोर घेतात, म्हणजे ३०० फुटांना ३७५ फूट. येथे पायथागोरसचा जुना मित्र, तीन-चार-पाचचा त्रिकोण, अचानक भेटतो : उभी बाजू ३००, कर्ण ३७५, तर आडवी बाजू २२५ फूट. दोर पूर्ण ताणला गेला तर बोया पिंजऱ्याच्या डोक्यावरून २२५ फुटांपर्यंत दूर जाऊ शकतो. शेजारच्या होडीपासून किती अंतर राखायचे, याचे उत्तर याच आकड्यात आहे. हा हिशेब न करणाऱ्यांचे दोर एकमेकांत असे गुंततात की सोडवता-सोडवता सकाळ संपते. तळ उताराचा असल्याने आणखी एक धोका असतो. पिंजरा घसरत ४०० फुटांवर गेला तर ३७५ फुटांचा दोर बोयासकट खाली जातो आणि सारेच दिसेनासे होते. म्हणून तळाची खोली दाखवणारे यंत्र पाहत जरा सपाट कडा शोधावी लागते आणि पिंजऱ्यात चार-पाच किलोंचे जादा वजन बांधावे लागते. आमच्या जावयांनी होडीत पाऊल ठेवताच सांगितले होते, “मामा, आमिष नंतर बघू, आधी दोर मोजून घेऊ.” त्या वेळी मला तो फाजील काटेकोरपणा वाटला होता.

दोर कशाचा आहे यालाही महत्त्व आहे. स्वस्त पॉलिप्रॉपिलिनचा दोर पाण्यावर तरंगतो, आणि प्रवाह थांबला की त्याचा सैल पडलेला भाग पृष्ठभागावर पसरून येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांच्या पंख्यात अडकतो. त्यामुळे आत शिशाचा धागा विणलेला, बुडणारा दोर वापरतात किंवा साध्या दोराला वजने लावतात. वॉशिंग्टनमध्ये तसे करणे बंधनकारकच आहे.

राहता राहिला प्रवाह. बडोद्याच्या पुष्कळ वाचकांनी जंबुसरजवळ कावी-कंबोईचे स्तंभेश्वराचे मंदिर पाहिले असेल. भरतीला शिवलिंग पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा दर्शन देते. खंभातच्या आखातात उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो. सिअ‍ॅटलला हाच फरक सरासरी ११ फुटांचा, म्हणजे साडेतीन मीटरांहूनही कमी. पण पिंजऱ्याच्या दृष्टीने पाणी किती चढले याला फारशी किंमत नसून ते किती वेगाने वाहते याला आहे. भरती संपून ओहोटी सुरू होण्यापूर्वी, किंवा त्याच्या उलट, पाणी काही काळ जवळपास थबकते. या थबकलेल्या वेळेच्या दोन्ही बाजूंस मंद प्रवाह असतो आणि तोच कोळंबीसाठी सर्वांत चांगला. वास वाहून नेण्याइतका तो जिवंत असतो, पण पिंजरा उचलण्याइतका दांडगा नसतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, प्रवाह एकंदरीतच सौम्य असतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तेच काम दुप्पट कठीण होते. तिकडील लोक भरती-ओहोटीचे तक्ते पाहतात, आपले कोळी तिथी पाहतात, चंद्र दोघांचा एकच.

ओढण्याचे काम अंगमेहनतीचे आहे. वजन लावलेला पिंजरा ३०० फुटांवरून हाताने वर घेणे एकदा गमतीचे वाटते, तिसऱ्यांदा वाटत नाही. म्हणून होडीच्या काठावर कप्पी किंवा विजेवर चालणारे ओढयंत्र बसवतात. येथे सावधगिरीच्या तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. दोराच्या वेटोळ्यात पाय कधीही ठेवू नये, कारण खाली जाणारा पिंजरा माणसालाही सोबत नेऊ शकतो. होडीच्या मागच्या बाजूने दोर ओढू नये. तेथे काठ कमी उंचीचा असतो, वजन वाढले की लाट आत येते आणि दोर पंख्यात जाण्याची भीतीही तेथेच अधिक असते. आणि लाइफ जॅकेट अंगावर घातलेले असावे, बाकाखाली ठेवलेले नव्हे. तेथील पाणी मे महिन्यातही सुमारे १० अंश सेल्सिअसचे असते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास आवरायला साधारण १ मिनिट लागते, हातपाय कामाचे राहतात ते सुमारे १० मिनिटे, आणि शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे पोहता येणाऱ्यालाही जॅकेटशिवाय त्या तासाचा उपयोग होत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात होडी उलटून शाळेच्या सहलीतील १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर बडोद्याच्या वाचकाला या विषयावर अधिक काही सांगण्याची गरज नाही.

आता कायदा. प्यूजेट साउंड या सागरी प्रदेशात हौशी लोकांचा स्पॉट प्रॉनचा हंगाम साधारणपणे मे महिन्यात सुरू होतो आणि मोजक्या दिवसांचा असतो. हूड कनाल नावाच्या लांब, हिमनदीने कोरलेल्या खाडीत तर ठरलेल्या दिवशी सकाळी ९ ते दुपारी १ एवढे चारच तास पिंजरे टाकता येत आले आहेत. परवाना लागतो. एका माणसाला दोन पिंजरे, एका होडीत जास्तीत जास्त चार, आणि माणशी दिवसाला ८० कोळंब्या. बोया पिवळा हवा आणि त्यावर मालकाचे नाव-पत्ता हवा. खेकड्यांच्या पिंजऱ्याचा बोया अर्धा लाल, अर्धा पांढरा असतो, म्हणजे लांबूनच कोणाचे काय आहे ते कळते. हंगाम इतका तोकडा असण्याचे एक कारण इतिहासात आहे. १८५४-५५ च्या तहांमध्ये तेथील मूळ रहिवासी जमातींनी आपला मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. १९७४ च्या न्यायालयीन निकालाने सामनसारख्या माशांतील आणि १९९४ च्या निकालाने शिंपले-कोळंबी वर्गातील पकडण्याजोग्या साठ्याचा निम्मा वाटा त्यांचा आहे हे मान्य केले. उरलेल्या निम्म्यात हौशी आणि व्यावसायिक दोघांना भागवावे लागते.

दुसरे कारण कोळंबीच्या आयुष्यात आहे आणि मला ते सर्वांत विलक्षण वाटले. प्रत्येक स्पॉट प्रॉन आधी नर असते. साधारण दुसऱ्या वर्षात ती नर म्हणून वयात येते, पुढे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तिचे रूपांतर मादीत होते, आणि चौथ्या वर्षाच्या आसपास तिचे आयुष्य बहुधा संपते. शरद ऋतूत मादी हजारो अंडी पोटाखाली घेते, जवळजवळ पाच महिने वागवते आणि वसंताच्या सुरुवातीला पिले पाण्यात सोडते. मे महिन्यात हंगाम उघडण्याचे इंगित येथे आहे. तोपर्यंत बहुतेक माद्या मोकळ्या झालेल्या असतात. जाळीचा डोळा १ इंचाचा असावा आणि त्यातून ७/८ इंचाची चौकोनी खुंटी पार व्हावी, असा नियम आहे, तो लहान कोळंब्या निसटाव्यात म्हणून. पण नेहमीच्या माशांत लहान सोडून मोठे घेतले की समाधान वाटते, तसे येथे वाटण्याचे कारण नाही. निसटतात ते मुख्यतः तरुण नर, आणि ताटात येणारी प्रत्येक मोठी कोळंबी मादी असते. हंगाम लांबला तर पुढच्या शरदात अंडी घेणाऱ्या माद्याच उरणार नाहीत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्यावसायिक हंगाम चालू असताना प्रत्येक पिंजऱ्यामागे किती माद्या येतात ते मोजत राहतात, आणि ती संख्या ठरावीक मर्यादेखाली आली की त्या भागातील हंगाम बंद करतात.

एक नियम दिसायला क्षुल्लक आहे. पिंजऱ्याच्या जाळीत एक फट मुद्दाम ठेवतात आणि ती १/८ इंचाहून जाड नसलेल्या साध्या सुती दोरीने शिवून बंद करतात. नायलॉनची दोरी चालत नाही. पिंजरा हरवला तर तो तळाशी वर्षानुवर्षे पडून राहील, आत अडकून मेलेले प्राणीच नवे आमिष बनतील आणि मालक नसलेला पिंजरा पकडतच राहील. सुती दोरी मात्र कुजते आणि फट उघडते. दांडिया बाजारातील मंडळींना दार नसल्याची तक्रार होती, त्यांना हे ऐकून गंमत वाटली की या पिंजऱ्याला कायद्याने आणखी एक दार बसवायला लावले आहे.

शेवटची गोष्ट स्वयंपाकघरातील. कोळंबी होडीत आली की शक्य तितक्या लवकर डोके पिळून वेगळे करतात, कारण डोक्यातील पाचक ग्रंथीतून निघणारे रस शेपटीच्या मांसात उतरले की ते पिठूळ होते. आपल्या बाजारातील कोळंबीत हा दोष इतक्या झपाट्याने जाणवत नाही, म्हणून माझा पहिल्यांदा विश्वास बसला नाही. शेपट्या बर्फावर ठेवतात, पण वितळलेल्या गोड्या पाण्यात भिजू देत नाहीत, नाहीतर चव उतरते. डोकी भाचीने फेकू दिली नाहीत. कांदा, खोबरे आणि कोकम घालून तिने त्यांचे पाणी आटवले आणि त्यातच कालवण केले. आमच्यातील एका सद्गृहस्थांनी विचारले की याचे सोडे करता येतील का. मांस मऊ आणि गोडसर असल्याने ते सोड्यांसारखे चिवट वाळेल असे मला वाटत नाही, आणि माणशी ८० कोळंब्यांत सोडे ते किती होणार.